कागद, ठसा आणि नाताळची चांदणी

आगमनकाळ सुरू झाला की पनवेलच्या बाजारपेठेत प्लॅस्टिकच्या चांदण्या लटकू लागतात. आत विजेचा दिवा सोडला की त्या झगमगतात, दवाने भिजत नाहीत आणि घडी घालून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर टाकता येतात. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या घरांत एके काळी बांबूच्या कामट्या सोलल्या जात, पातेल्यात खळ शिजत असे आणि मुलांची बोटे रंगलेली असत, त्याच घरांतून आता ‘ती पोराटोरांची खटपट होती’ असे ऐकू येते, तेव्हा थोडे थांबून विचार करावासा वाटतो. कागद कापणे, चिकटवणे आणि त्यावर ठसा उमटवणे ही खटपट फार जुनी आहे आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासात तिने केलेले काम पोरकट नव्हते. जेथे द्रव्य नव्हते, साधने नव्हती, क्वचित परवानगीही नव्हती, तेथे श्रद्धा घरात टिकवण्याचे काम हाताशी असलेल्या कागदाने केले आहे.

प्रारंभ आपल्या परिसरापासूनच करू. कर्नाळ्याचा सुळका आपणा सर्वांच्या ओळखीचा. दुरून तो उभ्या अंगठ्यासारखा दिसतो. कोकणच्या बंदरांतून बोरघाटाने वर जाणाऱ्या वाटेवर या किल्ल्याची नजर असे, म्हणूनच त्याच्यासाठी इतक्या सत्ता झगडल्या. १५४० च्या सुमारास वसईहून आलेल्या पोर्तुगीज सैन्याने तो जिंकला व पुढे अहमदनगरच्या निजामशाहास परत केला. किल्ल्यावर दोन शिलालेख आहेत. एक मराठी, त्यावर सालच नाही. दुसरा फारसी, हिजरी ११४६ मधील. दगडावर अक्षर कोरणे हे सत्ताधीशांचे काम होते. सामान्य माणसाचे अक्षर म्हणजे शाईत बुडवलेला त्याचा अंगठा. लिहिता न येणाऱ्याचा तो पहिला आणि शेवटचा ठसा.

कागद त्या काळी या वाटेवर दुर्मीळ नव्हता, पण तो स्वस्तही नव्हता. जुन्नरचा आणि दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याचा कागद मराठी दप्तरांत वापरला जाई. तागाच्या चिंध्या व दोऱ्या कुजवून, कांडून त्यांचा लगदा करावयाचा, जाळीवर एकेक ताव उचलावयाचा, वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून त्यास चकाकी आणावयाची, इतके श्रम एका तावामागे असत. असा ताव कोणी फेकून देत नसे. पत्राच्या प्रारंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटले की मजकूर पक्का होई. आजही आपण ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, तेव्हा दोन निरनिराळ्या ठशांची नावे घेत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘मुद्रण’ हा शब्दही मुद्रेपासूनच आला. म्हणजे आपल्या भाषेच्या हिशेबी छापखाना हे ठशाचेच मोठे भावंड होय.

युरोपातही क्रम हाच होता. पुस्तके छापण्याची कला रूढ होण्यापूर्वीच लाकडात कोरलेल्या ठशावरून संतांची चित्रे कागदावर उमटवली जात. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफरचे असे एक चित्र आज मँचेस्टर येथील ग्रंथालयात जपलेले असून त्यावर १४२३ हे साल आहे. गुटेनबर्गचे बायबल त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी आले. महामंदिरातील रंगीत काच व सोनेरी वेदी श्रीमंतांच्या देणगीतून उभी राहिली, परंतु ठशाने छापलेले, हातानेच रंग भरलेले ते चित्र गरीब यात्रेकरू घेऊन जाई आणि आपल्या दारामागे चिकटवी. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत मठवासी भगिनींनी याच कागदाला आणखी एक रूप दिले. लेखणी तासण्याच्या लहानशा चाकूने त्या कागदावर जाळीदार नक्षी कापीत व मधोमध एखाद्या संताचे चित्र ठेवीत. प्रार्थनापुस्तकात आपण जी झालरीच्या कडांची पवित्र चित्रे ठेवतो, ती याच परंपरेतील. फक्त चाकूची जागा पुढे यंत्राने घेतली.

ख्रिस्तजन्माच्या गोठ्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. १२२३ साली ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस यांनी जो गोठा मांडला, त्यात मूर्ती नव्हत्या. डोंगरातील गुहा, गव्हाणीतले गवत, गावातला बैल आणि गाढव, हीच सामग्री. म्हणजे जे हाताशी होते ते. कालांतराने गोठ्यांना चर्चमध्ये मोठे वैभव आले. कोरीव मूर्ती, रेशमी वस्त्रे, एकेका देखाव्यावर बेसुमार खर्च. मग अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने चर्चमधील गोठ्यांवर बंदी घातली. त्यास हा सारा प्रकार भाबडेपणाचा वाटत होता. परिणाम मात्र उलटाच झाला. गोठा चर्चमधून निघाला आणि घराघरांत शिरला. ज्यांना लाकडी मूर्ती परवडत नव्हत्या त्यांनी कागदावर मेंढपाळ, मेंढरे, तीन राजे रंगवले, कात्रीने कापले आणि खिडकीपाशी उभे केले. बोहेमिया, मोराविया व तिरोल या भागांत कागदी गोठ्यांची परंपरा या काळात भरभराटीस आली. पुढे छापील ताव मिळू लागले, ते कापून आख्खे बेथलेहेम घरी उभे करता येई. सम्राटाचा हुकूम मागे पडला. कागदी मेंढपाळ राहिले.

आपल्या किनाऱ्यावर छापखाना आला तो जवळजवळ योगायोगानेच. येशूसंघीयांनी तो ॲबिसिनियासाठी जहाजावर चढवला होता. तेथे जाणे लांबले आणि १५५६ मध्ये यंत्र गोव्याच्या संत पॉल महाविद्यालयात उभे राहिले. भारतातील हा पहिला मुद्रणालय. परंतु त्यात रोमन लिपीचे खिळे होते, देवनागरीचे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांना ही उणीव फार बोचत असे. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांस जे पत्र लिहिले, त्यात या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत, ही अनेक वर्षांची इच्छा बोलून दाखविली आहे. अडचण ठशांची होती. युरोपात चोवीस खिळ्यांवर काम भागते, येथे सुमारे सहाशे लागतात. ते दोनशेवर आणता येतील असा मार्ग दिसत असल्याचेही त्यांनी कळविले. ते घडले नाही. १६१६ मध्ये त्यांचे मराठी महाकाव्य छापले गेले ते रोमन लिपीत. ज्या भाषेची थोरवी त्यांनी मनापासून गायिली, तिची अक्षरे त्यांच्या छापील ग्रंथात नाहीत. आम्हांस या एका गोष्टीची हळहळ वाटते ती कायमची. सहाशे लहानसे धातूचे ठसे मिळाले असते, तर मराठी मुद्रणाचा इतिहास दोन शतके आधी सुरू झाला असता.

ती दोन शतके उलटल्यावर, १८०५ मध्ये, विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठी पुस्तके काढावयास प्रारंभ केला. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला. तेथील शिळाछाप पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या भंडारी समाजातील एका गृहस्थाच्या मनात आले की हे आपणही करावे. त्याच्याजवळ ना भांडवल, ना विलायती यंत्र. त्याने घरीच लाकडी यंत्र तयार केले, दगडाचे तुकडे जमवले, शाईसुद्धा स्वतः बनवली आणि चुकतमाकत प्रयोग चालू ठेवले. १८३१ मध्ये त्याने पहिले छापील मराठी पंचांग काढले. पुढे खिळेही स्वतःच ओतले. हा माणूस आपल्या धर्माचा नव्हता, त्याने शिकवण घेतली तीही प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडून. तरीही ‘जे घरात आहे त्यातून’ काम उभे करण्याचे याहून उत्तम उदाहरण मराठी मुलखात आम्हांस सापडत नाही. यंत्र येईपर्यंत थांबू, असे त्याने म्हटले नाही.

आता चांदणीकडे वळू. नाताळची कागदी चांदणी अमुक एका ठिकाणी जन्मली असे ठासून सांगणे कठीण. जर्मनीत मोरावियन पंथाच्या निस्की येथील शाळेत १८३० च्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून कागदाची टोकदार चांदणी बनवून घेत असत. गणित शिकवताना बेथलेहेम सापडले, असे म्हणावयास हरकत नाही! सतरा चौकोनी आणि आठ त्रिकोणी बुडांची टोके असलेली ती चांदणी पुढे मुले आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी स्वतः जोडीत आणि घरी टांगीत. १८९७ मध्ये हेर्नहूट येथे तिचा कारखाना निघाला. फिलिपाईन्समध्ये बांबू आणि पातळ कागदाची पाच टोकांची चांदणी हीच नाताळची खूण आहे. आपल्याकडे मात्र तिचे नाते सरळ शेजारच्या आकाशकंदिलाशी जुळते. त्याच कामट्या, तोच पतंगाचा कागद, तीच खळ आणि त्याच झिरमिळ्या. दिवाळी उरकली की उरलेला कागद आपल्या घरी येई. शेजाऱ्यापाजाऱ्यांची ही देवाणघेवाण कोणी ठरवून केलेली नव्हती, म्हणूनच ती टिकली.

कर्नाळ्याहून पुढे पेणला गेलात तर तेथील मूर्तिकार साच्यातून गणेशमूर्ती काढताना दिसतात. साचा म्हणजे तरी काय, तीन मितींचा ठसाच. मधल्या काळात सजावटीतून कागद मागे पडला तो थर्माकोलमुळे. आपल्या चर्चमधील गोठ्यांचे डोंगरही त्याचेच असत. २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली आणि पुठ्ठ्याला व कागदाच्या लगद्याला पुन्हा दिवस आले. सम्राट जोसेफाच्या बंदीची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. फरक इतकाच की या वेळची बंदी आम्हांस मनापासून मान्य आहे.

काही धर्मग्रामांत चांदणी स्पर्धा होतात. त्यांत विकत आणलेली चांदणी बक्षीस घेऊन जाते, हे आम्हांस पटत नाही. स्पर्धा ठेवावी तर घरात केलेल्या चांदणीची. ज्या कुटुंबांना कोठून सुरुवात करावी असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी येथे नोंदवतो.

खळ करताना दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले की उतरवावे. जुने जिल्दसाज कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालीत. तो विषारी असल्याने मुले असलेल्या घरात घालू नये, खळ दोन दिवसांत संपवावी. तेवढाही वेळ नसेल तर भाताची शिते आहेतच. पतंग चिकटवणाऱ्या कोणत्याही मुलास हे शिकवावे लागत नाही.

शुभेच्छापत्रांसाठी नवा कागद आणू नये. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची सरलेली पाने आणि वह्यांचे पुठ्ठे कोणत्याही घरात निघतात. ठशासाठी भेंडी घ्यावी. निबर भेंडी देठाकडच्या जाड भागात आडवी कापली की आतली चांदणी दिसते. तिचा चिकटपणा फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर रंग ओघळतो. बशीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तीवर रंग पसरला की झाली शाईची गादी. रंगासाठी हळद, गेरू, नीळ, अळिता यांपैकी जे असेल ते, त्यात थोडी खळ मिसळून. हळदीत चिमूटभर चुना घातला तर ती लाल होते, मात्र चुना मोठ्यांनीच कालवावा. हळदीचा रंग उन्हात उडतो. म्हणून अशी पत्रे खिडकीत लावू नयेत. सागाच्या कोवळ्या पानाचा लाल रंगही उत्तम, पण तो आपल्या परसातल्या झाडाचा. कर्नाळ्याचे अरण्य हे अभयारण्य आहे, तेथील पान तोडावयाचे नाही.

गोठ्यातील माणसे पुठ्ठ्यावर काढून कापताना पायाखाली दोन बोटांएवढी पट्टी राखावी. ती मागे दुमडली की मेंढपाळ उभा राहतो. तीन राजे सुरुवातीस खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून दररोज थोडे पुढे सरकवावेत, म्हणजे ते ६ जानेवारीस गव्हाणीपाशी पोचतील.

थोड्या मोठ्या मुलांना बटाटा द्यावा. तो मधोमध कापून सपाट बाजूवर अक्षर कोरावयाचे. ‘येशू’ हा शब्द सरळ कोरला तर कागदावर उलटा उमटतो, हे मूल स्वतःच शोधून काढील. मग त्यास ‘ख्रिस्त’ कोरावयास सांगावे. ‘ख’ला वेलांटी, खाली रकार, पुढे ‘स’ला जोडलेला ‘त’, आणि हे सगळे उलटे. दुसऱ्या बटाट्यानंतर मूल विचारील, ‘फादर, छापखान्यात अशी किती अक्षरे लागत?’ तेव्हा त्यास फादर स्टीफन्स यांच्या सहाशे खिळ्यांची गोष्ट सांगता येईल.