भायखळा-परळची निवडणूक

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यानें प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली आणि १९३७ च्या आरंभीं प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. मतदानाचा हक्क मालमत्ता, भाडें, सारा, शिक्षण अशा अटींनीं बांधलेला असल्यामुळें बहुसंख्य प्रौढ जनता मतपेटीपासून दूरच राहिली. मुंबई प्रांताच्या असेंब्लींत १७५ जागा होत्या आणि त्यांपैकीं १५ जागा, तेव्हांच्या भाषेंत ज्यांस अस्पृश्य म्हणत, त्या वर्गासाठीं राखून ठेवलेल्या होत्या. यांतील एका जागेसाठीं भायखळा-परळ या गिरणगांवांत जी लढत झाली, तिची स्मृति आज फारशी उरलेली नाहीं. वस्तुतः त्या प्रांतांतील अत्यंत अर्थपूर्ण अशा लढतींत तिची गणना करावयास हवी. एका बाजूस डॉ. भीमराव आंबेडकर होते. दुसऱ्या बाजूस काँग्रेसचे उमेदवार म्हणून पाळवणकर बाळू उभे होते.

बाळूंचें नांव त्या काळीं घरोघरीं ठाऊक होतें. १८७६ सालीं धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. पुण्यास मैदानावर रूळ फिरविण्याच्या आणि गोऱ्या साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकण्याच्या चाकरींतून हा डावखुरा मंदगति गोलंदाज तयार झाला. पुढें हिंदु संघानें त्यांना खेळावयास घेतलें. परंतु मैदानावर ज्यांच्या हातचा चेंडू चालत असे, त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियन संघावर विजय मिळविला, त्यांत बाळूंचा वांटा मोठा होता. १९११ सालीं विलायतेस गेलेल्या हिंदी संघांतून खेळतांना त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. एवढें करूनही हिंदु संघाचें नायकत्व त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना लाभला.

आंबेडकरांची वाट निराळी होती. महार कुटुंबांतून येऊन त्यांनीं न्यूयॉर्क आणि लंडन येथें उच्च विद्या संपादन केली, महाड आणि नाशिक येथें सत्याग्रह केले आणि गोलमेज परिषदेंत आपल्या वर्गाची बाजू मांडली. मुंबईच्या जुन्या कौन्सिलांत ते सुमारें दहा वर्षें सभासद होते. परंतु ते सरकारनियुक्त सभासद होते. लोकांकडून निवडून येण्याची त्यांची कसोटी अद्याप व्हावयाची होती. ऑगस्ट १९३६ मध्यें त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि शेतकरी, मजूर व भूमिहीन यांच्या प्रश्नांवर १७ उमेदवार उभे केले.

सप्टेंबर १९३२ च्या पुणें कराराखालीं या दोघांच्याही सह्या आहेत. त्या करारानें आंबेडकरांनीं मिळविलेले स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांऐवजीं संयुक्त मतदारसंघांत अधिक राखीव जागा आल्या. बाळूंस हा मार्ग मनापासून मान्य होता. हिंदु समाजांत राहूनच अस्पृश्यता नष्ट होईल, असें ते मानीत. आंबेडकरांनीं त्यास नाइलाजानें संमति दिली होती, आणि ऑक्टोबर १९३५ मध्यें येवल्यास त्यांनीं धर्मांतराची घोषणाही केली होती. त्यामुळें निवडणुकीचा खरा वाद असा होता कीं, राखीव जागेवर जो बसेल तो कोणास उत्तरदायी राहील? संयुक्त मतदारसंघांत बहुसंख्य मतें इतर हिंदूंचीं. ज्या पक्षाच्या मागें तीं मतें, त्याच्या पसंतीचा अस्पृश्य उमेदवार निवडून यावा आणि त्याच्या स्वतःच्या वर्गाचा शब्द मात्र मागें पडावा, हें भय निराधार नव्हतें.

या भयावर मुंबई प्रांतांत एक उपाय योजलेला होता. अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदारास जागांइतकीं मतें असत आणि तीं सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा असे. अल्पसंख्य परंतु एकवटलेल्या मतदारांस या पद्धतीनें बळ येतें. बाळूंच्या पाठीशीं काँग्रेसची देशव्यापी प्रतिष्ठा आणि स्वतःची कीर्ति होती. आंबेडकरांचा आधार चाळीचाळींतून उभें राहिलेलें संघटन हा होता. मतमोजणी झाली तेव्हां आंबेडकरांस १३,२४५ आणि बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. अंतर २,०२० मतांचें. स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले आणि असेंब्लींत काँग्रेसखालोखाल लक्ष वेधणारा विरोधी गट उभा राहिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं आंबेडकरांनीं कोंकणांतील खोतीची पद्धत नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि जानेवारी १९३८ मध्यें सहस्रावधि कुळें मुंबईंत मोर्चा घेऊन आलीं. नियुक्त सभासदाच्या भाषणास जें वजन नसतें, तें निवडून आलेल्याच्या शब्दास कसें येतें, याचा प्रत्यय त्या वेळीं आला.

बाळूंस मिळालेलीं ११,२२५ मतें मात्र केवळ पक्षाच्या बळाचीं म्हणून बाजूस सारणें न्याय्य होणार नाहीं. ज्यानें अपमान गिळून आपल्या गुणांनीं दार उघडून घेतलें, त्याच्याविषयींचा आदरही त्यांत होता. तथापि आदर आणि प्रतिनिधित्व या दोन वस्तु भिन्न आहेत, एवढा निवाडा गिरणगांवानें दिला.

तो निवाडा कायमचा ठरला नाहीं. स्वातंत्र्यानंतर राखीव जागा व संयुक्त मतदारसंघ राहिले, पण सर्व मतें एकास देण्याची मुभा राहिली नाहीं. आणि १९५२ च्या लोकसभा निवडणुकींत उत्तर मुंबईंत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनीं आंबेडकरांचा पराभव केला. काजरोळकर हे बाळूंप्रमाणेंच चांभार समाजाचे. बाळू १९५५ सालीं निवर्तले, आंबेडकर १९५६ सालीं. दोघांच्या लढतींतून पुढें आलेला प्रश्न, राखीव जागेवरील प्रतिनिधि आपल्या वर्गाचा कीं आपल्या पक्षाचा, हा मात्र त्यांच्या मागें तसाच उरला.