मॉन्टेरेतला भीमपलासी

रॉक संगीताचा खुल्या मैदानावरचा महोत्सव म्हटलं, की १९६९ सालचं वूडस्टॉक आणि तिथला चिखल आठवतो. पण पुढच्यांनी ज्याचा कित्ता गिरवला, तो जलसा त्याआधी दोन वर्षं कॅलिफोर्नियात झाला. गाव मॉन्टेरे, जागा जत्रेच्या मैदानाची, तारखा १६ ते १८ जून १९६७.

मूळ बेत सरळ धंद्याचा होता. त्यातच पंडित रविशंकर यांच्याशी तीन हजार डॉलरचा करार झालेला. मग गायक जॉन फिलिप्स आणि निर्माते लू अॅडलर यांनी सूत्रं हाती घेतली आणि ठरवलं, की कलावंतांना फक्त प्रवास आणि राहण्याचा खर्च द्यायचा, नफा धर्मादाय कामाला. पंडितजींचा करार मात्र पाळला गेला. महोत्सवाकडून मानधन घेणारे ते एकटेच!

रविवारची दुपार त्यांनी मागून घेतली होती. आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वेळेला धरून भीमपलासी लावला. ज्या पोरांना आपले वडीलधारे गांजेकस म्हणत, ती पोरं काही तास मुकाट ऐकत बसली. श्रोत्यांत जिमी हेंड्रिक्सही होता.

त्याच रात्री आधी कुणी वाजवायचं, यावरून ‘द हू’ आणि हेंड्रिक्स यांच्यात नाणं उडवावं लागलं. ‘द हू’ आधी आले आणि त्यांनी गिटार आपटून फोडली. मग हेंड्रिक्सने आपली गिटार पेटवून दिली.

पंडितजींना हे फार लागलं. आपल्याकडे तंबोऱ्याला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. पण गंमत अशी, की आवडत्या वस्तूचा बळी देतो आहे, असं हेंड्रिक्स मंचावर सांगत होता. म्हणजे वाद्य त्यालाही प्रियच होतं. ‘त्यांना संस्कार नाहीत’ असं म्हणून मोकळं होणं मला तरी जमत नाही. दुपारी भीमपलासी ऐकणारा तोच होता ना!

डी. ए. पेनीबेकर यांनी या महोत्सवावर केलेला चित्रपट १९६८ साली आला. त्यात जळती गिटार आहेच. पण शेवट त्यांनी तिच्यावर केला नाही. शेवटी आहे पंडितजींची धून, अल्लारखाँसाहेबांशी रंगलेली सवालजवाबाची लय आणि उभं राहून टाळ्या वाजवणारे श्रोते.