शिडाच्या नौकेतली मोरी आणि पुण्याचं सागवान

पावसाळा संपता संपता एका जुन्या दोस्ताचा फोन आला. त्याची शिडाची छोटी नौका मुंबईच्या किनाऱ्याला नांगरलेली असते. म्हणाला, "भाई, आतल्या बाथरूमच्या लाकडी पट्ट्या पार कुजल्यात. तुमच्या पुण्यात जुनं सागवान मिळेल का?"

मला हसूच आलं. समुद्रावरचा माणूस घाटमाथ्यावर लाकूड मागतोय! पण भवानी पेठेतल्या ओळखीच्या वखारीत पाडलेल्या वाड्याची एक चौकट निघाली. सुतारकाम करणाऱ्या चाचांना नमुन्याची कुजकी पट्टी दाखवली. त्यांनी नखानं पॉलिश खरवडलं. खाली साग नव्हताच, रंग चढवलेलं हलकं लाकूड होतं. स्क्रूभोवती काळं पडलेलं, आणि कापलेल्या टोकाकडून भुसभुशीत. "पाणी इथूनच पितं लाकूड," चाचा टोकावर बोट ठेवून म्हणाले. "दर्शनी बाजूला चार हात मारतात, टोक कोरडंच सोडतात."

हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच ती मोरी. खारं पाणी आणि कोंडलेली हवा. अशा जागी साग टिकतो, कारण त्याच्या अंगातच तेल असतं. शिवाय ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, तसं साग करत नाही. (जुन्या अरबी जहाजांवर हा प्रश्नच नव्हता. मागच्या बाजूला बाहेर टांगलेला लाकडी खोका, हेच शौचालय!)

अरबीत सागाला 'साज' म्हणतात. शब्द इथूनच गेला, लाकडासोबत. दहाव्या शतकात इस्तख्री या भूगोलकारानं इराणच्या किनाऱ्यावरच्या सीराफ बंदरातली घरं सागाची असल्याचं लिहून ठेवलंय. मुंबईच्या गोदीत 1736 साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले. त्यांच्या घराण्यानं बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे.

आपल्याकडे लाकडाची फिकीर कागदावरही उतरलेली दिसते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचं प्रकरण आहे. साग वगैरे झाडं परवानगीनं तोडावीत. आंबा-फणस मात्र रयतेनं लेकरासारखा वाढवलेला, त्याला हात लावू नये. झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच घ्यावं. एवढ्या बारकाईनं लिहिणाऱ्याला गोदीतलं काम ठाऊक असणार.

आणि त्या जहाजांवर कोण होतं? मुसलमान आणि समुद्र म्हटलं की शाळेतून फक्त जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान आठवत नाही. मायनाक भंडाऱ्यासोबत ज्याचं नाव येतं, तो दर्यासारंगही आठवत नाही. जहाजावरची भाषा मात्र विसरली नाही. 'सारंग' हा फारसी सरहंग, 'नाखवा' हा फारसी नाखुदा, 'खलाशी' अरबीतून आलेला. कोळीवाड्यात नाखवा म्हणताना कुणाला परकं वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. मला खंत आहे ती वेगळीच. सरदारांची नावं निदान कुठेतरी सापडतात. फळ्या जोडणाऱ्या, फटींत कापूस-तेल भरणाऱ्या सुतार-खलाशांची तीही नाहीत. त्यांत कोळी होते, भंडारी होते, कोकणी मुसलमान होते.

पुण्याचा या सागाशी संबंध आहे, पण अभिमानानं सांगावा असा नाही. 1756 च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार जळालं. आपसातलं भांडण मिटवायला बाहेरचा आणला, आणि मराठी किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी लाकडी ताकद एका दिवसात राख झाली.

चाचांनी पट्ट्या रंधून दिल्या. प्रत्येक कापलेलं टोक आधी तेलात बुडवलं, मगच पॉलिश. दोस्तानं त्या जुन्याच भोकांवर, पण स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी बसवल्या. एक पट्टी बोटभर आखूड पडली. चौकटीचा उरलेला तुकडा चाचांनी जपून ठेवला होता, तोच जोडला.