दोन बटणं आणि तीन रिमोट

घरातला आवाज कुणाच्या हातात, याचाही इतिहास असतो. आमच्या नांदेड-लातूरकडे तो सुरू होतो निजामाच्या डेक्कन रेडिओपासून. कार्यक्रम मुख्यतः उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला शरणागतीची घोषणा त्यावरूनच झाली, आणि १ एप्रिल १९५० पासून तो ऑल इंडिया रेडिओचा झाला.

व्हॉल्व्हच्या सेटला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान! उंच फळीवर, अंगावर भरतकामाचं झाकण, शिवाय पोस्टात भरायचं वर्षाचं लायसन. एक बटण फिरवलं की 'टक्' होऊन सेट चालू, तेच पुढे नेलं की आवाज मोठा. दुसऱ्यानं काटा सरकायचा. पहिलं कुणालाही जमे; खरी सत्ता दुसऱ्यात. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, शॉर्टवेव्हवर. काटा केसभर हलला की स्टेशन गायब! म्हणून त्याला हात फक्त कर्त्या पुरुषानं लावायचा. पुढे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ स्वयंपाकघरात, शेतात पोचला. माझ्या मते आवाजाची पहिली वाटणी ती.

अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा १९५६ चा टीव्ही रिमोट तर बिनसेलचा होता. कळ दाबली की आत धातूच्या कांडीवर हातोडी बसायची, बस्स. आज टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा एक, साउंडबारचा आणखी एक... आणि पुन्हा सगळं घरातल्या एका 'जाणकारा'च्या हातात. तो ऑफिसला गेला की म्हातारं माणूस मुक्या टीव्हीसमोर.

म्हणून नांदेडच्या मावशीसाठी साउंडबार बघताना वॅट विचारलेच नाहीत. विचारलं ते 'एचडीएमआय एआरसी'चं. २००९ पासूनची ही सोय टीव्ही आणि बार दोन्हीकडे असली आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू केली, की एकाच केबलनं आवाज बारकडे जातो आणि टीव्हीच्याच रिमोटनं कमी-जास्त होतो. ऑप्टिकल केबल नुसता आवाज नेते, हुकूम नेत नाही. बारवर बोटाला जाणवणारी बटणंही हवीत. गुळगुळीत टच मावशीला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात नसते. लाईट जाऊन आली की बार काय करतो? दुकानदाराला मेन स्विच बंद करून चालू करायला लावला. पहिला बार आपल्या रिमोटची वाट बघत गप्प राहिला. दुसऱ्यातून टीव्हीबरोबर आवाज आला. तो घेतला, आणि त्याचा रिमोट कपाटात ठेवून दिला.