विसरलेली फट : शस्त्रक्रियोत्तर अंतर्गत हर्नियाचा इतिहास व धंतोलीचा संदर्भ

प्रस्तावना

नागपुरातील धंतोली हा परिसर खासगी रुग्णालयांच्या दाटीसाठी ओळखला जातो. वर्धा मार्गालगतच्या या जुन्या वसाहतीत विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांतून, तसेच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. पोटदुखी व उलट्या घेऊन आलेल्या रुग्णाची मूळ शस्त्रक्रिया अन्य गावी, अनेक वर्षांपूर्वी झालेली असू शकते. शस्त्रक्रियेनंतर आतडे अडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आतडी एकमेकांस वा पोटाच्या भिंतीस चिकटणे. क्वचित प्रसंगी मात्र त्यामागे अंतर्गत हर्निया असतो. या विकाराच्या इतिहासाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

सर्वपरिचित हर्नियात आतडे पोटाच्या भिंतीतून बाहेर येते व फुगवटा दिसतो. अंतर्गत हर्नियात ते पोटातच एखाद्या फटीत शिरते. बाहेर काहीच दिसत नाही. प्राग येथील वेन्झेल ट्राइट्झ यांनी 1857 मध्ये जन्मजात कप्प्यांत शिरणाऱ्या अशा हर्नियाचे विवेचन केले होते. त्या फटी निसर्गाच्या होत्या. पुढील शतकार्धात मानवनिर्मित फटींची त्यात भर पडली.

पीटरसनची फट

1881 मध्ये व्हिएन्ना येथे बिलरोथ यांचे सहायक अँटन व्योल्फलर यांनी जठर थेट लहान आतड्यास जोडले. या जोडणीमुळे आतड्याला धरून ठेवणारा पडदा व मोठ्या आतड्याचा पडदा यांच्यामध्ये एक मोकळी जागा निर्माण होते. तीत आतडे अडकू शकते, हे जर्मन शल्यचिकित्सक वाल्थर पीटरसन यांनी 1900 मध्ये दाखवून दिले. ती जागा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रोगमुक्तीसाठी केलेल्या जोडणीनेच नव्या रोगाला वाट करून दिली होती.

विस्मरण आणि पुनरागमन

विसाव्या शतकाच्या मध्यास जठरव्रणावर, म्हणजे अल्सरवर, हीच जोडणी भारतातील रुग्णालयांतही सर्रास केली जात असे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 मध्ये स्थापन झाले, तो हाच काळ. 1976 मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे आम्लरोधक औषध उपलब्ध झाले. 1982 मध्ये मार्शल व वॉरन यांनी जठरातील जिवाणूचा शोध लावला व अल्सर औषधांनी बरा होऊ लागला. शस्त्रक्रिया मागे पडली, तसा तिच्या उपद्रवाशी असलेला नव्या पिढीचा परिचयही कमी झाला. ज्यांच्या पोटात ती फट होती, ते रुग्ण मात्र समाजात वावरतच होते.

दरम्यान, 1966 मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी स्थूलतेवर जठर-बायपासचा आरंभ केला. 1994 मध्ये विटग्रोव्ह व सहकाऱ्यांनी ती शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे केल्याचे प्रसिद्ध केले. भारतात 1990 मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून या तंत्राचा पाया घातला होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतडी कमी चिकटतात, हा तिचा मोठा लाभ. परंतु न चिकटलेले आतडे मोकळे फिरते. त्यात वजन घटल्यावर पडद्यातील चरबी झडते व फट रुंदावते. विस्मृतीत जाऊ पाहणारी पीटरसनची फट अशा रीतीने पुन्हा चर्चेत आली.

ती टाके घालून बंद करावी की नाही, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. स्वीडनमधील 2507 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आंत्रावरोधामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फट उघडी ठेवलेल्या गटात 10.2 टक्के, तर बंद केलेल्या गटात 5.5 टक्के आढळले. मात्र बंद केलेल्या गटात पहिल्या महिन्यातील गंभीर गुंतागुंत 2.8 टक्क्यांवरून 4.3 टक्क्यांवर गेली. धोका घटला, तरी त्याची किंमतही मोजावी लागली.

धंतोलीचा संदर्भ

या इतिहासाचे व्यावहारिक मोल धंतोलीसारख्या ठिकाणी प्रत्ययास येते. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यास ते काही तासांत सडू लागते. आरंभी पोट मऊ असते, साधा एक्स-रे फसवा ठरू शकतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसला तर संशय बळावतो. परंतु तो संशय येण्यासाठी आधी काय जोडले होते, हे ठाऊक हवे. मोठ्या शस्त्रक्रियेचा व्रण स्वतःच साक्ष देतो. दुर्बिणीचे चार बारीक व्रण काहीच सांगत नाहीत, आणि नातेवाईक ‘दुर्बिणीचं छोटं ऑपरेशन झालं होतं’ एवढेच सांगू शकतात. जुने डिस्चार्ज कार्ड तोवर हरवलेले असते.

निष्कर्ष

शस्त्रक्रियोत्तर अंतर्गत हर्नियाचा इतिहास हा शस्त्रक्रियांच्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. शस्त्रक्रिया कालबाह्य होते, पण तिने मागे ठेवलेली फट रुग्णाच्या आयुष्यभर राहू शकते. म्हणूनच कोणती जोडणी केली, फट बंद केली की नाही, याची स्पष्ट नोंद रुग्णाच्या हाती देणे व ती त्याने जपून ठेवणे, हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. वीस वर्षांनंतर एखाद्या रात्री धंतोलीत त्या रुग्णाला तपासणाऱ्या अपरिचित डॉक्टरसाठी तोच एक कागद इतिहासाचे काम करील.