‘साठी बुद्धी नाठी’ आणि आधारगटांचा इतिहास

लातूर-नांदेडकडच्या एखाद्या घरात आजोबा जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागू लागले, सुनेला ओळखेनासे झाले, की शेजारी सहज म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी’. म्हातारपणच म्हटल्यावर सून आपला शीण सांगणार कोणाला? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे आधारगट जगात इतक्या उशिरा का निघाले, याचे उत्तर याच समजुतीत आहे.

१९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. रेल्वेत कारकून असलेल्या तिच्या पतीला तिला घरी सांभाळणे अशक्य झाले होते. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते त्यांना आढळले. रोगाला त्यांचे नाव मिळाले. पण तो ऐन प्रौढ वयातल्या थोड्याच लोकांना होतो, म्हाताऱ्यांचे विसरणे निराळे, असे पुढे कित्येक दशके मानले गेले.

१९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी आग्रहाने मांडले की, हे दोन्ही विकार एकच आहेत. वयाचा दोष ‘रोग’ ठरला आणि घरोघरची माणसे बोलू लागली. ब्रिटनमध्ये १९७९ साली, अमेरिकेत १९८० साली संघटना उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली. भारतात १९९२ मध्ये केरळात डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने अशी संस्था सुरू झाली.

गटात औषध मिळत नाही, अनुभव मिळतो. रुग्णाशी वाद घालू नये, त्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी, सांभाळणाऱ्यानेही पाळीपाळीने विश्रांती घ्यावी, हे तिथे कळते. थायरॉईडचा विकार किंवा ‘ब१२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विस्मरण होते व ते उपचाराने सुधारू शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडे जावे, हेही तिथेच कोणीतरी सांगते. म्हण मात्र ही वाटच बंद करते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुणे-मुंबई आपल्याकडून रात्रभराच्या प्रवासावर. रुग्णाला घरी सोडून तिथल्या बैठकीला कोण जाणार? पण गटाला इमारत लागत नाही. शाळेची एक खोली रविवारी रिकामीच असते. गावातल्या अशा चार घरांतली माणसे महिन्यातून एकदा तिथे बसली, तरी आधारगट झाला. त्यांना बोलावण्याचे काम शिक्षकाइतके सहज दुसरे कोण करील?