चाचापोया संस्कृतीची अवशेषस्थळे

चाचापोया ही पेरू देशाच्या उत्तर भागात, अँडीज पर्वताच्या मेघाच्छादित अरण्यप्रदेशात नांदलेली इंकापूर्व संस्कृती. या लोकांना लेखनकला अवगत नव्हती. त्यामुळे वास्तू व दफने हीच त्यांच्या इतिहासाची प्रमुख साधने होत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंकांनी हा प्रदेश जिंकला.

क्वेलाप हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ उत्कुबांबा नदीच्या खोऱ्यावरील डोंगरमाथ्यावर, सु. ३,००० मी. उंचीवर आहे. त्याची लांबी सु. ६०० मी. असून चुनखडकाची तटबंदी काही ठिकाणी सु. २० मी. उंच आहे. प्रवेशमार्ग आत अरुंद होत जातात व शेवटी एका वेळी एकच मनुष्य जाऊ शकतो. तटाच्या आत चारशेहून अधिक वर्तुळाकार घरांचे अवशेष आढळतात. काराहीया येथे उंच कड्याच्या कपारीत मातीच्या मानवाकृती शवपेटिका उभ्या आहेत. काँडोर सरोवराकाठची थडगी १९९६ मध्ये उजेडात येताच त्यांची लूट झाली. तथापि १९९७ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तेथील दोनशेहून अधिक ममी लेयमेबांबा येथे सुरक्षित हलविल्या. तेथे २००० मध्ये संग्रहालय सुरू झाले.

दुर्गमता हेच या स्थळांचे दीर्घकाळ संरक्षण होते. २०१७ मध्ये रज्जुमार्ग सुरू झाल्याने क्वेलापचा प्रवास सुकर झाला. परंतु एप्रिल २०२२ मध्ये पावसाने तटबंदीचा काही भाग ढासळला व स्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. ज्या संस्कृतीचे लिखित साधन नाही, तिच्या बाबतीत ढासळलेली भिंत म्हणजे इतिहासाचे नष्ट झालेले पानच होय.